रबरी भाता आणि १९,१८४ मोटारी

पुणे-नाशिक रस्त्याने कधी गेला असाल, तर चाकणच्या तळेगाव चौकात तुमची गाडी अडकली नसेल असे होणे कठीण. पुढे मालमोटारी, मागे मालमोटारी, मधूनच नव्या कोऱ्या मोटारी पाठीवर घेऊन निघालेला लांबलचक ट्रेलर. सगळे वीत-वीतभर पुढे सरकत असतात. अशा वेळी खिडकी उघडी असेल तर एक विशिष्ट वास नाकात शिरतो. जळका, कडवट, काहीसा कागद करपल्यासारखा. चालकाला विचारा, तो न वळताच सांगेल, “कुणाचा तरी क्लच जळतोय.”

चाकण पूर्वी ओळखले जाई ते संग्रामदुर्ग किल्ल्यामुळे आणि कांद्याच्या बाजारामुळे. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शाएस्ताखानाच्या फौजेपुढे हा किल्ला लढवला, हे तुम्ही इतिहासात वाचले आहेच. कांद्याचा बाजार अजून भरतो. पण आता पिंपरी, चिंचवड, भोसरीपासून चाकणपर्यंतचा सारा पट्टा मोटारींचा झाला आहे. मोठे कारखाने मोटारी जोडतात आणि त्यांना लागणारे हजारो सुटे भाग लहानमोठ्या कारखान्यांतून येतात. कोणी नुसत्या कमानी करतो, कोणी नुसते बोल्ट, कोणी रबराच्या चकत्या. या लेखातली गोष्ट अशाच एका रबरी भागाची आहे.

२०२२ च्या डिसेंबर महिन्यात महिंद्रा कंपनीने आपल्या १९,१८४ मोटारी तपासणीसाठी परत बोलावल्या. त्यांतल्या १२,५६६ एक्सयूव्ही ७०० होत्या आणि ६,६१८ स्कॉर्पिओ-एन. दोन्ही मोटारी चाकणच्या कारखान्यात तयार झालेल्या. स्कॉर्पिओ-एन ही त्या वर्षी जून महिन्यात लोकांपुढे आलेली दणकट गाडी. तिच्या काही प्रकारांत चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळतो, त्यामुळे चिखल, वाळू, दगडधोंडे अशा आडवाटांवरही ती चालते. परत बोलावलेल्या साऱ्या गाड्या हाताने गिअर बदलण्याच्या होत्या, आणि साऱ्या १ जुलै ते ११ नोव्हेंबर २०२२ या काळात तयार झालेल्या. कारण काय, तर बेल हाउसिंगच्या आतला एक रबरी बेलो! पुरवठादाराच्या कारखान्यात भागांची वर्गवारी करताना चूक झाली असावी आणि त्यामुळे बेलोच्या मापात, म्हणजे त्याच्या भोवती हालचालीसाठी जी मोकळीक लागते तिच्यात, कमीजास्त झाले असावे, असे कंपनीने कळवले होते. तपासणी आणि दुरुस्ती अर्थात फुकट.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा रबरासाठी एकोणीस हजार मोटारी? प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी आधी हे रबर जिथे बसते तिथे, म्हणजे क्लचच्या घरात डोकावून पाहिले पाहिजे.

मोटारीचे इंजिन एकदा सुरू झाले की फिरतच राहते. सायकल थांबवताना तुम्ही पायटे थांबवता. इंजिनाला तसे थांबता येत नाही, थांबले तर ते बंदच पडते. चाके मात्र कधी थांबलेली, कधी हळू, कधी जोरात. मग फिरणारे इंजिन थांबलेल्या चाकांना जोडायचे कसे? दातेरी चाके एकदम एकमेकांत घुसवली तर एक तर दाते तुटतील, नाही तर इंजिन गचका खाऊन बंद पडेल. म्हणून मधे हवा असा एक सांधा, जो हवा तेव्हा सोडता येईल, हवा तेव्हा जोडता येईल आणि जोडताना थोडा वेळ घसरू शकेल. हा सांधा म्हणजे क्लच.

त्याची रचना फार अवघड नाही. इंजिनाच्या टोकाला एक जड चक्र असते, फ्लायव्हील. त्याच्यासमोर एक पातळ चकती असते; तिच्या दोन्ही अंगांना खरखरीत अस्तर लावलेले असते. ही चकती गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या दांड्यावर बसलेली असते. चकतीच्या पाठीमागे बिडाचे एक जाडजूड कडे असते, त्याला प्रेशर प्लेट म्हणतात. आणि या कड्याला सतत पुढे रेटणारी एक कमान असते, पसरट बशीसारखी आणि मधे पाकळ्या कापलेली. कमानीच्या रेट्याने चकती फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यात घट्ट चिमटली जाते, आणि तिघेही एकत्र फिरतात. चालकाने डाव्या पायाने पेडल दाबले की एक बेअरिंग पुढे सरकून कमानीच्या पाकळ्यांवर दाब देते. कमान उलटी वळते, कडे मागे हटते, चकती मोकळी होते. ती किती हटते? जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर. एवढ्याशा फटीवर सारा कारभार चालतो.

हे सारे ज्या कवचात असते त्याचा आकार देवळातल्या घंटेसारखा, एका बाजूला रुंद आणि दुसरीकडे निमुळता. म्हणून त्याचे नाव बेल हाउसिंग. आता बेलो म्हणजे काय, हे मराठी मुलांना सांगायला नकोच. लोहाराचा भाता आणि पेटीचा भाता तुम्ही पाहिला आहे. घड्या घातलेली वस्तू लांबते, आखडते, पण तिची भिंत कुठे उघडी पडत नाही. यंत्रातला रबरी बेलोही तसाच. एक भाग दुसऱ्याच्या संदर्भात सरकला पाहिजे, पण मधल्या फटीतून धूळ, पाणी, चिखल आत जाता कामा नये, अशा ठिकाणी तो बसवतात. एसटीच्या गिअरच्या दांड्याच्या बुडाशी रबराचे किंवा रेक्झिनचे घडीदार टोपण असते, ते याच जातीचे.

म्हणजे बेलो हा काही जोर लावणारा भाग नव्हे. तो नुसता सोबतीला असतो. पण जिथे काही मिलिमीटरांच्या हालचालीवर गाडीचे चालणे अवलंबून असते, तिथे सोबत्यानेही आपली जागा सोडून चालत नाही. हलणाऱ्या भागाला कुठे तरी अडथळा झाला आणि क्लच पुरता सुटला नाही, तर गिअर बदलताना दंतचक्रे करकरतात. उलट तो पुरता बसला नाही, तर चकती घसरत राहते. आणि घसरणारी चकती म्हणजे उष्णता.

किती उष्णता, ते आपण हिशेबाने काढू. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत, पण आडवाटेच्या दणकट गाडीला ते साधारण लागू पडतील. माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन २,५०० किलोग्रॅम. चाकाची त्रिज्या ०.३८ मीटर. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे १५ फेरे होतात तेव्हा चाकाचा एक फेरा होतो. इंजिन मिनिटाला १,५०० फेरे घेते आहे, म्हणजे सेकंदाला २५ फेरे, किंवा १५७ रेडियन.

आधी सपाट रस्त्यावर गाडी सुरू करू. क्लच पुरता बसेल तेव्हा गाडीचा वेग सेकंदाला सुमारे ४ मीटर असेल. त्या वेळी तिची गतिज ऊर्जा ½ × २,५०० × ४ × ४, म्हणजे २०,००० जूल, अर्थात २० किलोजूल. आता गंमत पाहा. इंजिनाचा वेग आणि क्लचची पकड या काळात सारखीच ठेवली असे धरले, तर इंजिनाने दिलेल्या ऊर्जेपैकी बरोबर निम्मी गाडीला मिळते आणि निम्मी क्लचमध्ये उष्णता होते. चालक कितीही कुशल असो, हा निम्मा वाटा क्लच घेणारच. म्हणजे एकदा गाडी सुरू केली की क्लचमध्ये २० किलोजूल उष्णता जमा झाली. निम्मी फ्लायव्हीलकडे गेली, निम्मी प्रेशर प्लेटकडे. प्लेट ५ किलोग्रॅम बिडाची धरली, तर तिचे तापमान १ अंशाने वाढायला सुमारे २.५ किलोजूल लागतात. १० किलोजूलने ते ४ अंशांनी वाढेल. काहीच नाही! पुढच्या चौकापर्यंत ती निवेलही.

आता हीच गाडी चढावर आणू. रस्ता असा की ५ मीटर पुढे गेले की १ मीटर उंची चढते. पुढची गाडी थांबली आहे. आपला चालक ब्रेक न लावता क्लच अर्धवट दाबून, इंजिनाच्या जोरावर गाडी जागच्या जागी तोलून धरतो. पुष्कळांना ही सवय असते, आणि तिचा त्यांना अभिमानही असतो. गाडीला मागे ओढणारे बल २,५०० × ९.८ ÷ ५, म्हणजे ४,९०० न्यूटन. ते चाकाच्या त्रिज्येने गुणले आणि १५ ने भागले की क्लचवरचा पीळ, म्हणजे टॉर्क, मिळतो: सुमारे १२४ न्यूटन-मीटर. चाके थांबली आहेत, इंजिन फिरते आहे. म्हणून या पिळाने होणारे सारेच्या सारे काम उष्णतेत जाते. १२४ × १५७ करा. उत्तर साडेएकोणीस हजार वॅटच्या आसपास येते, म्हणजे जवळजवळ २० किलोवॅट.

२० किलोवॅट म्हणजे सेकंदाला २० किलोजूल. आणि मघाशी सपाटीवर गाडी सुरू करायला एकूण किती लागले होते? २० किलोजूलच! म्हणजे चढावर क्लचच्या जोरावर एक सेकंद थांबणे आणि सपाटीवर एकदा गाडी सुरू करणे, क्लचच्या दृष्टीने सारखेच. मिनिटभर असे थांबलात तर गाडी साठ वेळा सुरू केल्यासारखे झाले. न्हाणीघरातला गिझर साधारण २ किलोवॅटचा असतो. तसे दहा गिझर त्या बंद कवचात एकदम लावले आहेत अशी कल्पना करा. ४ लिटर पाणी मिनिटभरात उकळायला येईल एवढी ही उष्णता. प्रेशर प्लेटचे तापमान सेकंदाला ४ अंश या दराने मिनिटात २४० अंशांनी वाढेल, आणि अस्तराचा तो जळका वास सुटेल. तळेगाव चौकात उतार नसला तरी वारंवार थोडेथोडे सरकणे आहेच. मालमोटारीचे वजन किती पट असते ते तुम्हीच पाहा.

आडवाटेच्या गाड्यांत म्हणूनच एक जादा दंतचक्रांची जोडी दिलेली असते. ती लावली की इंजिन आणि चाक यांतले प्रमाण साधारण अडीच पटीने वाढते. चाके गोगलगायीच्या चालीने फिरतात, क्लचवरचा पीळ अडीच पटीने उतरतो, आणि मुख्य म्हणजे क्लच पुरता सोडून गाडी अगदी हळू नेता येते. घसरणच नाही, मग उष्णता कुठली! ज्यांना हे माहीत नसते ते खडकाळ चढावर पहिल्याच गिअरमध्ये क्लचशी झोंबत बसतात.

ही उष्णता किती थराला जाऊ शकते याचे उदाहरण अमेरिकेत घडले. तिथल्या हाताने गिअर बदलायच्या जीप रँग्लर आणि ग्लॅडिएटर या गाड्या २०२० पासून २०२३ पर्यंत एकापेक्षा अधिक वेळा परत बोलावल्या गेल्या. २०२३ साली ही संख्या सुमारे ६९ हजार होती. घसरणीने प्रेशर प्लेट अति तापून तिला तडा जाऊ शकतो, तिचे तुकडे कवच फोडून बाहेर येऊ शकतात आणि आग लागू शकते, हे कारण. उपाय मोठा विलक्षण होता: गाडीतल्या संगणकाची आज्ञावली बदलली. क्लच धोक्याइतका तापतो आहे असे दिसले की संगणक इंजिनाचा जोर कमी करतो. (रँग्लरची जोडणी २०२१ पासून आपल्या रांजणगावलाही होऊ लागली, पण आपल्याकडची रँग्लर आपोआप गिअर बदलणारी, तेव्हा हा प्रश्न तिला लागू नव्हता.)

अमेरिकेतली अडचण घसरणीच्या उष्णतेची होती, म्हणून अनेक वर्षांच्या गाड्या तिच्यात आल्या. चाकणची अडचण निराळी. इथे रचनेबद्दल तक्रार नव्हती; चुकीच्या मापाचा भाग बरोबर भागांत मिसळला गेल्याची शंका होती. ही चूक कशी होते ते समजून घेण्यासारखे आहे.

रबराचा भाग साच्यात तापवून करतात. गंधकासह तापवले की रबर टिकाऊ आणि लवचीक होते, हे चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये उमगले. पण साच्यातून निघालेले रबर निवताना आकसते, आणि प्रत्येक घाण्यात अगदी सारखेच आकसेल असे नाही. लोखंडी दांडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत अचूक कातता येतो. रबराच्या बाबतीत दहाव्या भागाची भाषा करावी लागते. म्हणून प्रत्येक मापाला थोडी मुभा ठेवलेली असते. कारखान्यात तिला टॉलरन्स म्हणतात. मुभेत बसणारे भाग एका खोक्यात, न बसणारे दुसऱ्यात. शिवाय एकाच कारखान्यात जवळजवळ सारखे दिसणारे, पण वेगवेगळ्या गाड्यांचे भाग होत असतात. तेही वेगळे करावे लागतात.

हे काम आजीच्या तांदूळ निवडण्यासारखे आहे. ताटात खडे पांढरे असले की तिचीही नजर चुकते आणि जेवताना दाताखाली खडा येतो. विश्वास बसत नसेल तर वर्गात एक प्रयोग करा. या लेखाचे एक पान पाच मुलांना द्या आणि त्यावर ‘र’ हे अक्षर किती वेळा आले आहे ते प्रत्येकाला स्वतंत्रपणे मोजायला सांगा. वेळ दोन मिनिटे. पाचही उत्तरे सारखी आली तर मला आश्चर्य वाटेल. आणि ही मुले ताजीतवानी आहेत, आठ तासांच्या पाळीच्या शेवटी आलेली नाहीत! म्हणूनच चांगले कारखाने नजरेवर विसंबत नाहीत. चुकीचा भाग खोबणीत बसणारच नाही असा ठोकळा करून ठेवतात. जपानी लोकांनी या युक्तीला पोका-योके असे नाव दिले. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत हा शब्द आता चहाइतकाच ओळखीचा झाला आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सगळ्याच मोटारी का बोलावायच्या? केवळ कल्पनेने धरा की दर २०० बेलोंमागे एक चुकीचा होता. तर १९,१८४ मोटारींत असे सुमारे ९६ असतील. पण ते ९६ कोणते? बेलो बेल हाउसिंगच्या आत, बाहेरून दिसत नाही. कोणती गाडी कुठे गेली, घाटात कोण चालवतो आहे, कशाचाच पत्ता नाही. ९६ शोधायचे तर १९,१८४ तपासलेच पाहिजेत. दाताखाली खडा येईपर्यंत वाट पाहायची नसेल तर ताट पुन्हा निवडणे आले.

मात्र १९,१८४ वर थांबता येते, ते कारखान्याच्या वहीमुळे. १ जुलै ते ११ नोव्हेंबर म्हणजे १३४ दिवस. दिवसाला सरासरी १४३ गाड्या. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतच्या गाड्यांवर शंका आहे हे ठरवता आले, म्हणून आधीच्या आणि नंतरच्या गाड्यांच्या मालकांना त्रास झाला नाही. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्याही वगळता आल्या, कारण त्यांत डाव्या पायाचे पेडल आणि ते दाबल्यावर चालणारा क्लच नसतो. नोंद नीट नसती तर? एक तर सगळ्याच गाड्या बोलवाव्या लागल्या असत्या, किंवा गप्प बसावे लागले असते. मला वाटते या साऱ्या प्रकरणात सर्वांत हुशारीचा भाग तो वहीचाच.

गप्प बसणे पूर्वी सोपे होते. आपल्या देशातल्या मोटार कारखानदारांच्या संघटनेने स्वेच्छेने गाड्या परत बोलावण्याचे नियम केले ते २०१२ साली. पुढे २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यात कलम ११०-अ आले, आणि सदोष गाड्या परत बोलवा असे कारखान्याला फर्मावण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. चाकणच्या गाड्या मात्र कंपनीने स्वतःहून बोलावल्या होत्या.

तरीही असे पत्र घरी आले की माणसे बिथरतात. ‘नवी गाडी आणि सदोष?’ म्हणून शेजाऱ्यापासून लपवतात, किंवा ‘आमची तर छान चालते’ म्हणून पत्र खणात टाकतात. दुसरी गोष्ट अधिक वाईट. दोष असेलच असे पत्र म्हणत नाही, असू शकतो असे म्हणते. आणि आज छान चालणे हा त्याचा पुरावा नव्हे. बेलो मापाचा आहे की नाही हे कवचाच्या आत पाहिल्यावरच कळते.

कोणाला पत्र धाडायचे हे कारखान्याला कळते गाडीच्या सतरा अक्षरी क्रमांकावरून. घरच्या मोटारीच्या नोंदणीपत्रावर चॅसिस क्रमांक म्हणून तो छापलेला असतो. बनवणारा कोण, गाडी कोणत्या प्रकारची, ती कितवी, हे त्यातल्या अक्षरांत आणि आकड्यांत बसवलेले असते. तो एकदा काढून वाचा, आणि त्यात आय, ओ आणि क्यू ही तीन इंग्रजी अक्षरे सापडतात का पाहा. सापडणार नाहीत. आय एक या आकड्यासारखे दिसते, ओ आणि क्यू शून्यासारखे. वाचताना घोटाळा होऊ नये म्हणून ती तिन्ही अक्षरे आधीच निवडून बाजूला काढलेली आहेत.